सायपाय : संगणकावर बसवण्यापासून हंगामाचे गणित सोडवण्यापर्यंत

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेटीत भरण्याजोगा हापूस कमी होत जातो, कॅनिंगच्या आंब्याची आवक वाढते आणि रत्नागिरीपासून देवगडपर्यंतच्या लहान प्रक्रिया कारखान्यांत रोज सकाळी एकच हिशेब करावा लागतो : आलेल्या आंब्यातून रसाचे डबे किती भरायचे आणि आंबापोळी किती घालायची. आंबा मोजका असतो, माणसे मोजकी असतात आणि पोळी वाळवण्याचे ट्रेही मोजकेच असतात. हा हिशेब बहुतेक ठिकाणी अनुभवाने होतो व नेहमीच्या दिवशी तो बरोबरही येतो. परंतु एखाद्या दिवशी दोन माणसे कामावर आली नाहीत किंवा सकाळपासूनच मळभ दाटले, की कोणत्या मालाकडे झुकावे हे अंदाजाने सांगणे अवघड होऊन बसते. मोजक्या साधनांतून जास्तीत जास्त मिळवण्याच्या अशा प्रश्नांना गणितात इष्टतमीकरणाचे प्रश्न म्हणतात. ते सोडवणारी उत्तम साधने आज विनामूल्य मिळतात. त्यांपैकी पायथॉन या संगणक-भाषेतील ‘सायपाय’ (scipy) ही लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावलींचा संच, कशी बसवावी, तिला प्रश्न कसा सांगावा आणि तिने दिलेले उत्तर कसे वाचावे, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

सायपाय ही २००१ पासून विकसित होत असलेली मुक्त स्रोत लायब्ररी असून तिचा परवाना बीएसडी प्रकारचा आहे. त्यामुळे महाविद्यालयातील विद्यार्थी, सहकारी संस्था किंवा खासगी कारखाना यांपैकी कोणीही ती शुल्क न भरता व्यवसायासाठी वापरू शकतो. तिच्यात सांख्यिकीपासून संकेत-प्रक्रियेपर्यंत अनेक विभाग आहेत. आपले काम ‘ऑप्टिमाइझ’ या विभागाशी आहे. रेषीय प्रश्न, म्हणजे ज्यांत सर्व संबंध साध्या प्रमाणाचे असतात असे प्रश्न, सोडवण्यासाठी हा विभाग आतून ‘हाइज’ (highs) नावाचा सॉल्व्हर, म्हणजे उत्तर शोधणारी आज्ञावली, वापरतो. हा सॉल्व्हर एडिनबरा विद्यापीठात तयार झालेला असून एमआयटी परवान्याखाली खुला आहे, आणि सायपायच्या १.६ या आवृत्तीपासून तो तिच्यात समाविष्ट आहे. मर्यादा समीकरणांच्या रूपात, नावांनिशी लिहू देणाऱ्या पायोमोसारख्या लायब्ररीही आहेत आणि मोठ्या प्रश्नांसाठी त्या सोयीच्या पडतात. तरीही सुरुवात सायपायनेच करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण तिच्यात सगळा प्रश्न आकड्यांच्या एका तक्त्यात मांडावा लागतो आणि त्या तक्त्यात आपण काय गृहीत धरले आहे ते लपून राहत नाही.

एक सूचना आधीच देणे आवश्यक आहे. या लेखात आज्ञा व नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावीत. जेथे मोठे अक्षर लागते तेथे तसे स्पष्ट सांगितले आहे.

बसवण्याची पद्धत

प्रथम पायथॉनच्या अधिकृत संकेतस्थळावरून पायथॉन ३ ची ६४-बिट आवृत्ती उतरवून घ्यावी. विंडोजवर बसवताना पहिल्याच पडद्यावर तळाशी पायथॉनला ‘पाथ’मध्ये जोडण्याची चौकट असते. तिच्यावर खूण करण्यास विसरू नये, कारण ती राहून गेली तर पुढची प्रत्येक आज्ञा ‘ओळखता येत नाही’ असे उत्तर देते. नुकतीच बाहेर पडलेली पायथॉनची अगदी नवी आवृत्ती घेण्यापेक्षा तिच्या आधीची आवृत्ती घेणे सोयीचे असते. सायपायचा बराचसा भाग सी, सी++ यांसारख्या भाषांत लिहिलेला आहे, आणि तो आधीच संकलित केलेल्या ‘व्हील’ फायलींच्या रूपात मिळतो. आपल्या पायथॉनसाठी व्हील उपलब्ध नसेल तर संगणक मूळ स्रोतापासून बांधणी करू लागतो आणि त्यासाठी लागणारा कंपायलर नसल्याने भल्यामोठ्या त्रुटी-संदेशाने थांबतो. जुन्या ३२-बिट पायथॉनवरही आजच्या आवृत्त्यांच्या बाबतीत हेच घडते. तसा संदेश दिसल्यास कंपायलर शोधत बसू नये. योग्य आवृत्तीचे पायथॉन बसवावे.

यानंतर प्रत्येक कामासाठी वेगळे आभासी वातावरण, म्हणजे त्या कामापुरत्या लायब्ररींचा स्वतंत्र फोल्डर, तयार करावे. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पायथॉन -एम वेनव्ह हंगाम’ अशी आज्ञा दिली की ‘हंगाम’ नावाचा फोल्डर तयार होतो. ‘वेनव्ह’ हे व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट या शब्दांचे संक्षिप्त रूप आहे. विंडोजवर त्या फोल्डरातील ‘स्क्रिप्ट्स’ या उपफोल्डरातील ‘ॲक्टिव्हेट’ चालवावे. लिनक्सवर ‘सोर्स’ या शब्दापुढे त्याच फोल्डरातील ‘बिन’ उपफोल्डरातील ‘ॲक्टिव्हेट’चा मार्ग लिहावा. ओळीच्या सुरुवातीला कंसात ‘हंगाम’ दिसू लागले म्हणजे वातावरण सुरू झाले. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये स्क्रिप्ट चालवण्यास परवानगी नसल्याचा संदेश आला, तर साधा कमांड प्रॉम्प्ट वापरणे हा सर्वांत सरळ उपाय आहे. उबुंटू आणि डेबियनच्या अलीकडच्या आवृत्त्यांवर आभासी वातावरणाशिवाय ‘पिप’ हे लायब्ररी बसवणारे साधन चालवले असता ‘हे वातावरण बाहेरून व्यवस्थापित आहे’ अशा अर्थाची त्रुटी येते. ती टाळण्यासाठी सक्तीचा पर्याय वापरणारे अनेक सल्ले वाचायला मिळतात; ते मानू नयेत, कारण त्याने प्रणालीच्या स्वतःच्या पायथॉनची घडी विस्कटू शकते.

वातावरण सुरू असताना ‘पायथॉन -एम पिप इन्स्टॉल सायपाय’ ही आज्ञा द्यावी. तिच्यासोबत आकड्यांचे तक्ते हाताळणारी ‘नमपाय’ ही लायब्ररी आपोआप येते आणि दोन्ही मिळून ५० ते ६० मेगाबाइटच्या आसपासचे डाउनलोड होते.

आपल्याकडे याच टप्प्यावर बऱ्याच जणांचे काम अडते. खाडीकाठच्या गावांत नेटवर्क एखाद्या कोपऱ्यातच मिळते, आणि वळवाच्या वादळी वाऱ्यात वीज व इंटरनेट दोन्ही एकदमच जातात. त्यामुळे ऑफलाइन पद्धत प्रत्येकाने शिकून ठेवावी. तालुक्याच्या ठिकाणी जेथे इंटरनेट चांगले आहे, तेथील संगणकावर ‘पायथॉन -एम पिप डाउनलोड सायपाय -डी साठा’ ही आज्ञा द्यावी. ‘साठा’ नावाच्या फोल्डरात सायपाय व नमपायच्या व्हील फायली जमा होतात. तो फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन कारखान्यातील संगणकावर आणावा, तेथे आभासी वातावरण सुरू करावे आणि ‘पिप इन्स्टॉल’ या शब्दांनंतर ‘--नो-इंडेक्स’ आणि ‘--फाइंड-लिंक्स=साठा’ हे दोन पर्याय लिहून शेवटी ‘सायपाय’ लिहावे. पहिला पर्याय पिपला इंटरनेटकडे जाऊ देत नाही, दुसरा फायली कोठे आहेत ते सांगतो. अट एवढीच, की दोन्ही संगणकांवर पायथॉनची आवृत्ती आणि कार्यप्रणाली सारखी असावी. व्हील फाइलच्या लांबलचक नावात हे लिहिलेलेच असते : ‘सीपी ३१२’ म्हणजे पायथॉन ३.१२, आणि ‘विन एएमडी ६४’ म्हणजे ६४-बिट विंडोज. नाव जुळत नसेल तर फाइल हाताशी असूनही पिप ‘जुळणारी आवृत्ती सापडली नाही’ असे सांगते. जेथे इंटरनेट नेहमीच चांगले असते, तेथे गूगल कोलॅबमध्ये सायपाय आधीपासूनच बसवलेली असते व काहीही उतरवावे लागत नाही. मात्र कारखान्याचे खरे आकडे बाहेरच्या संगणकावर ठेवायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

बसवल्यावर पायथॉन सुरू करून ‘इम्पोर्ट सायपाय’ लिहावे आणि पुढच्या ओळीत ‘सायपाय’, टिंब, दोन अधोरेषा, ‘व्हर्जन’, पुन्हा दोन अधोरेषा असे लिहून आवृत्ती पाहावी. आपल्या स्वतःच्या फाइलला ‘सायपाय’ हेच नाव देऊ नये. तसे केल्यास पायथॉन मूळ लायब्ररीऐवजी आपलीच फाइल उघडतो.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट उपयोगाची आहे. पायथॉन ३ मध्ये चलांची नावे देवनागरीत ठेवता येतात, म्हणजे ‘डबे’, ‘पोळी’, ‘आंबा_किलो’ ही नावे थेट चालतात, आणि त्यामुळे कारखान्यातील इतरांनाही फाइल वाचता येते. परंतु ‘ऱ्या’ हे जोडाक्षर काही कीबोर्ड एका अदृश्य जोडचिन्हाच्या साहाय्याने टंकतात, आणि ते चिन्ह पायथॉनला नावात चालत नाही. ‘कामकऱ्यांची_मिनिटे’ या नावावर न दिसणाऱ्या वर्णाची त्रुटी आली तर कारण हेच समजावे आणि साधे ‘मिनिटे’ हे नाव वापरावे. कोडमधील आकडे मात्र इंग्रजी अंकांतच (1, 2, 3) लिहावे लागतात. वहीतून उतरवलेल्या मजकूर-फाइलीत देवनागरी अंक असतील तर ‘इंट’ आणि ‘फ्लोट’ ही पायथॉनची फलने त्यांचे रूपांतर बिनतक्रार करतात.

प्रश्नाची मांडणी

आता मूळ हिशेबाकडे वळू. पुढील आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या कारखान्याचे आकडे मोजूनच घालावेत. रसाच्या ८५० ग्रॅमच्या एका डब्याला १.६ किलो आंबा आणि कामाची ३ मिनिटे लागतात, व त्यातून ४० रुपये उरतात. एक किलो आंबापोळीला ६ किलो आंबा आणि १८ मिनिटे लागतात, व त्यातून १८० रुपये उरतात. दिवसाला ८०० किलो आंबा आहे, सगळ्यांची मिळून कामाची १,८०० मिनिटे आहेत, आणि ट्रेंवर ६० किलोपेक्षा जास्त पोळी मावत नाही. येथे ‘उरतात’ याचा अर्थ नेमका ठरवणे फार महत्त्वाचे आहे : आंबा, साखर, डबा आणि जळण यांचा खर्च वजा केलेला आहे, पण मजुरी दिवसाची ठरलेली असल्याने ती वजा केलेली नाही. हा अर्थ फाइलीत वरच लिहून ठेवावा, कारण शेवटी मिळणाऱ्या प्रत्येक आकड्याचा अर्थ त्यावर अवलंबून असतो.

रेषीय प्रश्नासाठी ‘ऑप्टिमाइझ’ विभागातील ‘लिनप्रोग’ हे फलन वापरावे. त्याला चार गोष्टी द्याव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे ‘सी’ ही उद्दिष्टाची यादी. लिनप्रोगला केवळ न्यूनतम मूल्य शोधता येते. आपल्याला नफा महत्तम करायचा असल्याने चिन्ह उलटे करून उणे ४० आणि उणे १८० अशी यादी द्यावी. दुसरी गोष्ट म्हणजे मर्यादांचा तक्ता, ज्याचे नाव मोठे ‘ए’, अधोरेषा, ‘यूबी’ असे लिहितात. त्यात आंब्याची ओळ १.६ आणि ६ अशी, तर वेळेची ओळ ३ आणि १८ अशी येते. तिसरी म्हणजे त्या मर्यादांच्या उजव्या बाजूंची यादी, लहान ‘बी’, अधोरेषा, ‘यूबी’. तिच्यात ८०० आणि १,८०० येतात, मात्र कोडमध्ये हजाराचा स्वल्पविराम लिहू नये, कारण पायथॉन त्याचे दोन वेगळे आकडे समजतो. चौथी गोष्ट म्हणजे ‘बाउंड्स’, म्हणजे प्रत्येक चलाचे बंध : डब्यांसाठी शून्य ते ‘नन’ (None), ज्याचा अर्थ वरची मर्यादा नाही, आणि पोळीसाठी शून्य ते ६०. ‘नन’मधील पहिले अक्षर मोठे लिहावे लागते. बंध दिलेच नाहीत तर लिनप्रोग सर्व चले शून्य किंवा त्याहून अधिक मानतो.

येथे सर्वांत अधिक घडणारी चूक एककांची असते. एका ओळीत वेळ मिनिटांत आणि उजव्या बाजूला तासांत लिहिली गेली, तरी लायब्ररी काहीही तक्रार करणार नाही. ती ३० मिनिटांचा कारखाना समजून शिस्तीत उत्तर देईल. सॉल्व्हर फक्त लिहिलेला प्रश्न सोडवतो, मनातला प्रश्न त्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक ओळीसमोर ‘किलो’, ‘मिनिटे’ अशी टिप्पणी लिहावी आणि फाइल चालवण्यापूर्वी एखाद्या परिचित दिवसाचे आकडे हाताने त्या ओळींत घालून बेरीज जुळते का, ते पाहावे.

उत्तराचे वाचन

फलनाने परत केलेल्या उत्तराला ‘उत्तर’ असेच नाव दिले, तर प्रथम ‘उत्तर.स्टेटस’ पाहावे. शून्य म्हणजे इष्टतम उत्तर मिळाले. २ म्हणजे सर्व मर्यादा एकाच वेळी पाळणे अशक्य आहे. ३ म्हणजे उद्दिष्टाला सीमाच नाही, आणि याचा अर्थ बहुधा एखादी मर्यादा लिहायची राहून गेली आहे किंवा चिन्ह चुकले आहे. स्टेटस शून्य नसताना पुढचे आकडे वाचूच नयेत.

आपल्या उदाहरणात ‘उत्तर.एक्स’ ३३३.३३ डबे आणि ४४.४४ किलो पोळी असे येते. ‘उत्तर.फन’ उणे २१,३३३.३३ येते, म्हणजे नफा २१,३३३ रुपये. ‘उत्तर.स्लॅक’ दोन्ही मर्यादांसाठी शून्य येतो. याचा अर्थ आंबाही संपतो आणि वेळही संपते. ट्रेंवर मात्र साडेपंधरा किलोची जागा मोकळी राहते.

बरेच जण येथेच थांबतात, आणि मला त्याची खंत वाटते, कारण खरी कामाची माहिती यापुढे आहे. उत्तरातील ‘इनईक्यूलिन’ या भागात ‘मार्जिनल्स’ नावाची यादी असते. या आकड्यांना छाया-किंमती म्हणतात. आपल्या उदाहरणात त्या उणे १६.६७ आणि उणे ४.४४ अशा येतात. उणे चिन्ह उद्दिष्ट उलटे केल्यामुळे आले आहे. अर्थ असा, की एक किलो आंबा जास्त मिळाला तर दिवसाचा नफा १६.६७ रुपयांनी वाढेल, आणि कामाचे एक मिनिट जास्त मिळाले तर ४.४४ रुपयांनी वाढेल. म्हणजे एका तासाच्या जादा कामाची किंमत सुमारे २६७ रुपये आहे. जादा तासाची मजुरी यापेक्षा कमी असेल तर माणसाला थांबवून घेणे फायद्याचे ठरते. आंब्याचा खर्च आधीच वजा केलेला असल्याने १६.६७ रुपये ही नेहमीच्या खरेदी-दराच्या वरची रक्कम आहे. दुसऱ्या बागायतदाराने किलोमागे १० रुपये जास्त मागितले तरी तो माल घेणे परवडते.

छाया-किमतीला मुदत असते, हे मात्र विसरू नये. वेळ वाढवत गेले की पोळी वाढत जाते आणि डबे कमी होत जातात. १०५ मिनिटे वाढवली की पोळी ६० किलोवर येऊन ट्रे भरतात. त्यापुढच्या मिनिटाची किंमत शून्य आहे. ही सीमा शोधण्यासाठी उजव्या बाजूचा आकडा थोडा थोडा वाढवून फलन पुन्हा पुन्हा चालवावे आणि नफा कोठे वाढायचा थांबतो, ते पाहावे. एवढ्या लहान प्रश्नाला संगणकास क्षणभरही लागत नाही.

आता मळभाचा दिवस घ्या. सूर्य नसल्यामुळे ट्रेंवर ६० ऐवजी ३० किलोच पोळी वाळेल असे धरून बंध बदलला, तर उत्तर ३८७.५ डबे, ३० किलो पोळी आणि २०,९०० रुपये असे येते. नफा फारसा घटत नाही, पण छाया-किमती पूर्णपणे पालटतात : आंब्याची १६.६७ वरून २५ रुपयांवर जाते आणि वेळेची शून्य होते, कारण सुमारे ९८ मिनिटे रिकामीच राहतात. म्हणजे ज्या दिवशी आभाळ भरून येते त्या दिवशी जादा माणसे बोलावण्यात काही अर्थ नाही. जमल्यास ५२ किलोपर्यंत जादा आंबा मात्र घ्यावा, त्यानंतर वेळ पुन्हा अपुरी पडू लागते. ट्रेची मर्यादा आपण बंधांत लिहिली असल्याने तिची किंमत ‘अपर’ या भागातील ‘मार्जिनल्स’मध्ये सापडते. ती किलोमागे ३० रुपये असते, आणि विजेवर चालणारा ड्रायर घ्यावा की नाही या प्रश्नाला हात घालताना याच आकड्यापासून सुरुवात करावी.

डबा तृतीयांश भरता येत नाही, म्हणून पूर्णांक उत्तर हवे असते. पोळीही एक किलोच्या पाकिटांतच विकायची असेल तर दोन्ही चले पूर्णांक हवीत. ३३३.३३ आणि ४४.४४ यांचे अपूर्णांक सोडून दिले तर ३३३ डबे व ४४ पाकिटे होतात आणि नफा २१,२४० रुपये येतो. त्याऐवजी लिनप्रोगला ‘इंटिग्रॅलिटी’ या नावाने १ आणि १ अशी यादी दिली, तर तो ३३५ डबे आणि ४४ पाकिटे सुचवतो व नफा २१,३२० रुपये होतो. त्यात आंबा बरोबर ८०० किलो लागतो आणि ३ मिनिटे शिल्लक राहतात. फरक ८० रुपयांचाच आहे. पण जेथे चले लहान असतात, उदाहरणार्थ वाशीला पाठवायच्या ट्रकांची संख्या, तेथे नुसते पूर्णांकात बदललेले उत्तर महागात पडू शकते किंवा मर्यादाच मोडू शकते. ही सोय सायपायच्या १.९ आवृत्तीपासून आहे. पूर्णांकाची अट लावल्यावर छाया-किमतींना वरील अर्थ राहत नाही, म्हणून प्रश्न दोनदा सोडवावा : किमतींसाठी अटीशिवाय आणि प्रत्यक्ष आखणीसाठी अटीसह.

सॉल्व्हरची आतील पद्धत निवडण्याची गरज सहसा पडत नाही. तरी ‘मेथड’ या पर्यायात ‘हाइज-डीएस’ दिल्यास सिम्प्लेक्स पद्धत आणि ‘हाइज-आयपीएम’ दिल्यास अंतर्बिंदू पद्धत वापरली जाते. सिम्प्लेक्स पद्धत जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये मांडली. अंतर्बिंदू पद्धतींना खरी चालना मिळाली ती नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये बेल प्रयोगशाळेत असताना प्रसिद्ध केलेल्या रीतीमुळे, आणि आज जगभरातील मोठमोठे रेषीय प्रश्न त्या वाटेने सुटतात, याचा मराठी माणसाला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. जुन्या लेखांत ‘सिम्प्लेक्स’ किंवा ‘इंटीरियर-पॉइंट’ अशी पद्धतींची नावे आढळतात, ती १.११ या आवृत्तीत काढून टाकली गेली असल्याने आता त्रुटी देतात.

उत्तर अशक्य आले तर

एका व्यापाऱ्याला रोज किमान ५०० डबे द्यायचे कबूल केले आहे आणि दुकानासाठी किमान २० किलो पोळी हवी आहे, असे समजा. ‘किमान’ या प्रकारची मर्यादा लिनप्रोगला थेट देता येत नाही. पूर्ण ओळ उणे एकने गुणून ती ‘कमाल’च्या रूपात लिहावी, किंवा एकाच चलाची असल्यास बंधाचा खालचा आकडा बदलावा. येथे फलन स्टेटस २ देते, कारण ५०० डब्यांनाच सगळा ८०० किलो आंबा लागतो आणि पोळीला आणखी १२० किलो हवा असतो. दोन चलांत हे नजरेनेच दिसते. वीस चलांत दिसत नाही. अशा वेळी प्रत्येक मर्यादेला एक तुटीचे चल जोडावे, म्हणजे ‘आंबा कमी पडला तर तो बाहेरून आणला’ असे धरावे, आणि त्या चलाला उद्दिष्टात मोठा दंड लावावा. मग प्रश्न नेहमी सुटतो, आणि ज्या तुटीचे मूल्य शून्यापेक्षा जास्त येते तेथेच अडचण आहे हे कळते. मर्यादा एकेक करून काढून पाहण्यापेक्षा ही रीत मला कितीतरी अधिक भरवशाची वाटते, कारण ती नुसता दोष दाखवत नाही, किती किलोंनी कमी पडते तेही सांगते.

वक्र संबंध असतील तर

सगळेच प्रश्न रेषीय नसतात. हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या बंदरातून निघणाऱ्या यांत्रिक नौकेचे डिझेल वेगाच्या साध्या प्रमाणात वाढत नाही; ते ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी खप ‘स्थिर भाग अधिक गुणक गुणिले वेगाचा घन’ असा धरला, आणि उदाहरणादाखल स्थिर भाग ४ लिटर व गुणक ०.०१६ घेतला, तर एका सागरी मैलाला लागणारे डिझेल म्हणजे ताशी खप भागिले वेग. हे फलन पायथॉनमध्ये दोन ओळींत लिहून ‘मिनिमाइझ-स्केलर’ला द्यावे, या नावातील जोडरेषेच्या जागी अधोरेषा टंकावी. बंध २ ते १० नॉट (ताशी सागरी मैल) आणि ‘मेथड’ला ‘बाउंडेड’ असे सांगावे. उत्तर ५ नॉट येते आणि मैलाला १.२ लिटर डिझेल लागते. ८ नॉटला तेच १.५२ लिटर होते. येथे बंध देणे अत्यावश्यक आहे, कारण शून्याच्या किंचित खालच्या वेगाला हे सूत्र प्रचंड मोठे ऋण मूल्य देते आणि बंध नसल्यास शोध तिकडे भरकटू शकतो.

कोणताही तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, ५ नॉटने परत येणार नाही, आणि त्याचे बरोबर आहे. बर्फ वितळत असतो, मासळीचा दर लिलावाच्या वेळेवर ठरतो आणि खलाशांचा वेळही मोलाचा असतो. या सगळ्याची ताशी किंमत १२ लिटर डिझेलइतकी धरून ती स्थिर भागात मिळवली, तर त्याच फलनाचे उत्तर सुमारे ७.९ नॉट येते. पहिल्या वेळी प्रश्न अपुरा लिहिला होता.

स्थिर भाग आणि गुणक प्रत्यक्ष मोजणीतून काढण्यासाठी ‘कर्व्ह-फिट’ हे फलन आहे. येथेही जोडरेषेच्या जागी अधोरेषाच टंकावी. वेगवेगळ्या वेगांना टाकीतील खप मोजून त्या जोड्या त्याला दिल्या, की ते सर्वांत जुळणारे गुणक आणि त्यांच्या अनिश्चिततेचा तक्ता परत करते. त्या तक्त्याच्या कर्णावरील आकड्यांचे वर्गमूळ म्हणजे प्रत्येक गुणकाची प्रमाण त्रुटी. जीपीएस जमिनीच्या संदर्भातला वेग दाखवते, पाण्याच्या संदर्भातला नव्हे, म्हणून खाडीच्या मुखाजवळ भरती-ओहोटीच्या प्रवाहात मोजताना त्याच मार्गावर जाता-येता दोन्ही वेळा वेग नोंदवून सरासरी घ्यावी.

अनेक चलांच्या वक्र प्रश्नांसाठी ‘मिनिमाइझ’ हे फलन वापरतात. मर्यादा नसल्यास ते आपोआप ‘बीएफजीएस’, फक्त बंध असल्यास ‘एल-बीएफजीएस-बी’ आणि मर्यादा असल्यास ‘एसएलएसक्यूपी’ पद्धत निवडते. लिनप्रोगप्रमाणे ते चलांना शून्याच्या वर ठेवत नाही, ते बंध आपणच द्यावे लागतात. त्याला सुरुवातीचा अंदाज द्यावा लागतो, आणि मिळणारे उत्तर त्या अंदाजाच्या परिसरातील न्यूनतम असते. दुसरीकडे याहून कमी मूल्य असू शकते. म्हणून वेगवेगळ्या अंदाजांपासून सुरुवात करून उत्तरे पडताळावीत, किंवा चले थोडी असतील तर ‘डिफरन्शियल-इव्होल्यूशन’ (येथेही जोडरेषेच्या जागी अधोरेषा) हे सर्वदूर शोध घेणारे फलन वापरावे. एक चल हजारांत आणि दुसरे हजारांशांत असेल तर एकके बदलून दोन्ही एकाच पातळीवर आणावीत; असे केल्याने न सुटणारे प्रश्नही अनेकदा सुटतात. ‘उत्तर.सक्सेस’ खरे आहे का, हे प्रत्येक वेळी पाहावे.

हंगाम संपल्यावर ‘पिप फ्रीझ’ ही आज्ञा देऊन आलेली आवृत्त्यांची यादी एका मजकूर-फाइलीत साठवावी आणि ती, व्हील फायलींचा ‘साठा’ फोल्डर, पायथॉन बसवण्याची मूळ फाइल आणि आपली आकड्यांची फाइल एकाच पेन ड्राइव्हवर ठेवावी. पुढच्या वर्षी संगणक बदलला तरी ‘पिप इन्स्टॉल’ला ‘-आर’ या पर्यायाने ती यादी आणि ‘--फाइंड-लिंक्स’ने तोच फोल्डर दाखवला, की इंटरनेट नसतानाही तेच वातावरण पुन्हा उभे राहते.